नळीखालचा डाग : एका ठासणीच्या पिस्तुलाच्या कामाच्या नोंदी

८ जून

पिस्तूल आज घरी आले. ठासणीचे, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायचे. नगरच्या एका गृहस्थांकडून ४२ हजारांना घेतले. त्यांचे आजोळ जुन्या नाशकातले. नदीकडे उतरणाऱ्या गल्लीतला वाडा तीसेक वर्षांपूर्वी पाडला, तेव्हा माळ्यावरच्या पेटीतून ही वस्तू त्यांच्याकडे नगरला गेली. आज ती माघारी नाशकात आली.

आधी मोजमापे. एकूण लांबी ३९ सें.मी., नळी २३ सें.मी., नळीचे तोंड १६ मि.मी. लाकूड अक्रोडाचे, चापाभोवतीची कमान आणि दस्त्याची टोपी पितळेची. बार ठासायचा गज नळीला बिजागरीसारख्या कडीने जोडलेला आहे, घोड्यावर बसून बार भरताना हातातून निसटून खाली पडू नये म्हणून. लॉकच्या, म्हणजे बार पेटवणाऱ्या यंत्रणेच्या, पट्टीवर मागच्या पायांवर उभा सिंह आणि त्याच्या पुढच्या पंजांत मुकुट. हे ईस्ट इंडिया कंपनीचे चिन्ह. आधी कंपनीचा छाप हृदयाच्या आकाराचा असे, एकोणिसाव्या शतकात त्या जागी सिंह आला. घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणारा दांडा, चकमकीचा नाही, टोपीचा आहे. म्हणजे निपलवर (नळीच्या बुडाशी असलेल्या भोकाच्या बोंडावर) तांब्याची छोटी टोपी बसवायची आणि तिच्यावर घोडा पाडायचा. ही पद्धत फौजेत १८४०च्या दशकात रुळली आणि कंपनीचे राज्य १८५८ला संपले. या दोन टोकांच्या मधे कुठेतरी हे घडवले गेले.

विकणाऱ्यांनी १८५७शी नाते सांगितले होते. आपल्या जिल्ह्यात त्या वर्षी नांदूर-शिंगोट्याला भागोजी नाईकांच्या भिल्लांनी कंपनीशी झुंज घेतली, त्यात लेफ्टनंट हेन्री मारला गेला, हे खरे. पण या पिस्तुलावर त्याचा कसलाही पुरावा नाही, म्हणून पिस्तुलाशेजारी ठेवायच्या माहितीच्या चिठ्ठीवर मी ते लिहिणार नाही.

शेजारच्या काकांनी लगेच विचारले, “कान्हेऱ्यांच्या वेळचं का रे?” नाही. २१ डिसेंबर १९०९ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर चालवले ते ब्राउनिंग होते, एकामागून एक गोळ्या सुटणारे. माझे त्याच्या अर्धशतक आधीचे, एका वेळी एकच बार. पण नाशकात जुने पिस्तूल म्हटले की हा प्रश्न निघणारच, आणि निघालेला मला आवडतो.

कागदपत्र : विकणाऱ्यांनी जुना दाखला दिला आहे. त्यात ‘निपलचे भोक वेल्डिंगने बुजवलेले असल्याने निरुपयोगी’ असे लिहिले आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५मध्ये जुन्या बनावटीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे, पण अट कडक आहे : ते जसे आहे तसे किंवा दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येता कामा नये. दाखल्याची प्रत फायलीत लावली.

सिंहाच्या आयाळीत लाल भुकटी दिसते आहे. गंज असावा.

९ जून

कुठलेही ठासणीचे हत्यार हातात आले की आधी एकच गोष्ट पाहायची : आत बार आहे का? एका लाकडी काडीला तोंडापाशी खूण केली, मग ती नळीच्या बाहेरून धरून पाहिली. निपलच्या बैठकीपर्यंत पोचायला हवी होती, ४६ मि.मी. अलीकडेच थांबली. आत काहीतरी आहे.

काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेटते. भोक बुजवलेले असले तरी दारू ती दारूच. पिस्तूल वाळूच्या पोत्याकडे तोंड करून गॅलरीत ठेवले, हिला सांगितले की तिकडे झाडू मारायचा नाही, आणि देवळालीच्या सुभेदारांना फोन लावला. तोफखान्यात अठ्ठावीस वर्षे काढलेला माणूस. म्हणाले, “हात लावू नका दादा, परवा येतो.”

११ जून

सुभेदार आले. त्यांची रीत साधी : खणू नका, भिजवा. दारूतला सोरा पाण्यात विरघळला की ती मेली. लोखंडाला पाणी पाजायचे माझ्या जिवावर आले होते, पण जिवापुढे लोखंड कुठले! कोमट साबणाचे पाणी ड्रॉपरने नळीत काठोकाठ भरले, तोंड वर करून पिस्तूल लाकडी चौकटीत उभे केले आणि रात्रभर ठेवून दिले.

१२ जून

सकाळी सहाला पाहिले तर नळीत पाणी नाही. एक थेंब नाही.

चौकटीखालचा टीपकागद दोन ठिकाणी ओला होता. एक ओल निपलच्या खाली. म्हणजे ‘वेल्डिंगने बुजवलेले’ भोक बुजलेलेच नव्हते. दुसरी ओल नळीच्या बुडाशी, खालच्या बाजूने, जिथे भोक असायचे काहीच कारण नाही. तिथले लाकूड हाताला गार लागत होते आणि त्यातून तपकिरी पाणी पाझरत होते.

मी खुर्ची ओढून समोर बसून राहिलो. चाळीस वर्षे सातपूरच्या टूलरूममध्ये काढली. पाणी कुठून गळते यावरून तडा कुठे आहे हे सांगायची सवय हाताला आहे, आणि या वेळी ते कळू नये असे वाटत होते.

दहा वाजता सुभेदार आले, त्यांच्यासमोर नळी उपसली. आतला अडथळा भिजून मऊ झाला होता. पितळी आकड्याने ओढले तर माती आली, भुरी, बारीक, गोल कप्प्यांची. कुंभारमाशीचे घर! एका कप्प्यात वाळलेल्या अळीचे कवचही सापडले. त्यामागे चिंधी, आणि चिंधीमागे गंजाची खपली. दारू नाही, गोळी नाही. सुभेदारांनी चिंधी हुंगली, चोळून पाहिली आणि मग चहा मागितला.

नळी स्पिरिटने धुऊन हेअर ड्रायरने वाळवली.

१३ जून

खोलून पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

लॉकचे दोन स्क्रू. खाचा जुन्या, अरुंद आणि तळाशी निमुळत्या आहेत. बाजारचा स्क्रू ड्रायव्हर लावला तर तोंड फाटणार, म्हणून जुन्या कानशीचा तुकडा घासून खाचेच्या मापाचे पाते करून घेतले. दोन दिवस गंजतेल मुरवायला हवे होते, पण वरचा स्क्रू पहिल्याच दाबाला फिरला. त्यानेच शंका आली. दीडशे वर्षे बसलेला स्क्रू असा फिरत नाही. हे अलीकडे कुणीतरी खोललेले आहे.

लॉक निघाले. आतली कमान (स्प्रिंग) शाबूत. घोडा अर्धवट ओढून अडकवायच्या खाचेचा दात झिजलेला, तो तसाच राहील. लॉकमागचे लाकूड तेल पिऊन काळे आणि स्पंजासारखे झाले आहे, नख रुतते. दस्ता जिथे बारीक होतो तिथे आडवा तडा, राखाडी लांबीने, म्हणजे दोन भाग कालवून भरायच्या पुट्टीने, भरलेला, वरून अक्रोडी पॉलिश. पॉलिश इतके बेमालूम की विकत घेताना भिंग लावूनही मला ते लाकडाचे रेषेकाम वाटले होते. निपलच्या भोकातही तीच लांबी, वरून काळा रंग. सुईने टोचली तर आत गेली.

मग नळी. मागच्या शेपटीचा एक स्क्रू आणि आडव्या दोन खिळ्या काढल्यावर ती लाकडातून सुटली, पण ओढावी लागली. खालून चिकटवलेली होती.

नळीचा पोट-भाग वर करून दिव्याखाली धरला. काळा चकचकीत रंग. नळीच्या वरच्या अंगावर जुन्या लोखंडाची तपकिरी साय आणि पोटावर असा शाळेच्या फळ्यासारखा काळा? कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये बुडवून फिरवला. दुसऱ्या फेऱ्याला बोळा काळा झाला, चौथ्याला खाली पिवळे चमकले. आणखी पुसत गेलो तसतशी निपलच्या बुडापासून पुढे सरकणारी पितळी रेघ उघडी पडली. बोटभर लांब, मधे जाड, दोन्हीकडे निमुळती, काठाला टाकणखाराची (झाळताना घालतात त्या क्षाराची) काचेसारखी जुनी पापडी. नळी तिथे फाटलेली आहे आणि कुणीतरी ती पितळेने झाळलेली आहे, म्हणजे पितळ वितळवून डाग देऊन जोडलेली.

हे काही नळीवरचे ओरखडे नव्हेत. बार पेटतो त्याच जागी, जिथे सगळ्यात जास्त जोर येतो तिथे, नळी उभी फाटली आहे.

१४ जून

सातपूरला जुन्या सहकाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये नेऊन डाय पेनिट्रंट केले. लाल रंग फवारायचा, वीस मिनिटे थांबायचे, पुसायचे, वरून पांढरा डेव्हलपर मारायचा. तड्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यातून वर येतो. रेघ पितळेपाशी थांबली नाही, तोंडाच्या दिशेने आणखी ९ मि.मी. गेली, केसासारखी, वाकडी. पितळेची रेघ ३१ मि.मी. लांब, म्हणजे तडा एकूण ४० मि.मी. तडा अशी वाकडी वाट घेतो तेव्हा तो लोखंडातल्या जुन्या सांध्यावरून चाललेला असतो असा माझा अनुभव. त्या काळच्या नळ्या लोखंडाची पट्टी वळवून, तापवून, घणाखाली जोडून करत.

संध्याकाळी विकणाऱ्यांना फोन केला. आवाज चढवायचा नाही असे ठरवून.

“काका, दस्त्यात लांबी आहे, नळीच्या पोटाला रंग आहे. तुम्हाला माहीत होतं?”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “विकायच्या आधी एकाकडून जरा नीट करून घेतलं होतं. तो म्हणाला, असंच दिलं तर भाव येणार नाही. काय केलं ते मी बघितलं नाही.” मग हळूच, “परत देता का? पैसे पाठवतो.”

उद्या सांगतो म्हणालो. तडा जुना असणे समजू शकते, वस्तू दीडशे वर्षांची आहे. पण रंगवणाऱ्याचा हात मला सोसवत नाही. त्याला तडा दिसला होता, तो कुठे आहे, किती आहे हे कळले होते, आणि ते पुढच्या माणसाला कळू नये म्हणून त्याने दिवसभर मेहनत केली. उद्या कुणी अडाणीपणाने यात दारू भरली असती तर?

१५ जून

आधी कायद्याचे. दाखला ज्या वेल्डिंगवर उभा होता ते वेल्डिंग नाही, हे कळल्यावर गप्प बसणे बरोबर नाही. फोटो, मोजमापे आणि पेनिट्रंटचे चित्र जोडून पोलिस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत अर्ज दिला आणि पिस्तूल तपासणीसाठी जमा केले. पोच घेतली. लाकडी दस्ता माझ्याकडे ठेवू दिला.

१६ ते २० जून

दस्त्यातली नळीची खोबण. या पाच दिवसांत रोज संध्याकाळी तासभर एवढेच केले. या सगळ्या कामातले मला सर्वांत मोलाचे वाटलेले हे पाच तास, म्हणून सविस्तर.

लांबी थेट खरवडायची नाही. हेअर ड्रायरने कोमट करायची, मऊ झाली की शस्त्रक्रियेच्या पात्याने सालीसारखी उचलायची. ती उचलली की खाली लाकूड लागेल असे वाटले होते. लागला गाळ. काळा, अत्यंत बारीक, वाळून तडकलेला, दोन मि.मी. जाडीचा. खोबणीच्या कोपऱ्यात पाण्याने आणून बसवल्यासारखा सपाट. तो नदीकाठच्या कुठल्याही नाशिककराने हातात धरला असता तरी ओळखला असता. पूर ओसरल्यावर ओट्यावरून खराट्याने काढतो तोच.

गाळाखाली कागद. घडी करून पाचरीसारखा दाबलेला छापील मराठी कागद, नळी बसावी म्हणून घातलेला. ओला टीपकागद ठेवून, सैल करून, तो चार दिवसांत चार घड्यांनी उलगडला. तारीख नाही, नाव नाही. किराणा मालाच्या भावांचा तुकडा आहे, आणि दोन ठिकाणी स्वच्छ वाचता येते : ‘नवे पैसे’. हे शब्द १९५७च्या एप्रिलात आले आणि १९६४च्या जूनमध्ये ‘नवे’ गळून नुसते ‘पैसे’ राहिले.

सगळ्यात खाली, कागद आणि लाकूड यांच्या मधे, तड्याला आडवी मारलेली लोखंडी खिळी आणि सरसाचे जुने पिवळे खडे.

म्हणजे थर असे लागतात. आधी तडा. मग सरस, खिळी, कागदाची पाचर. ही दुरुस्ती सत्तावन्न ते चौसष्टच्या आसपासची. मग गाळ, म्हणजे पूर. वाडा पाडण्याच्या आधीचा आणि या दुरुस्तीच्या नंतरचा, माळ्याखालच्या खोलीपर्यंत चढलेला मोठा पूर म्हटला की माझ्या डोळ्यासमोर १९६९चाच येतो. भांडी बाजार, सराफ बाजार पाण्यात होते, असे वडील सांगत. आणि गाळाच्या वर लांबी आणि रंग, विक्रीच्या आधीचे.

म्हणजे यात दोन हात आहेत, आणि ते एकमेकांसारखे नाहीत. पहिल्याने जोडले, दुसऱ्याने झाकले. पहिल्याने पितळेवर रंग मारला नव्हता, कारण रंगाचा ओघळ गाळावर आलेला आहे, गाळाखाली कुठेच नाही.

२१ जून

विकणाऱ्यांना सांगितले : परत देत नाही. दहा हजार कमी करा म्हटले, त्यांनी बारा पाठवले. गाळाचे सांगितले तसे म्हणाले, “आईला विचारतो. तिचं माहेर ते.”

५ जुलै

पिस्तूल परत मिळाले. आर्मररने, म्हणजे हत्यारांच्या जाणकाराने, नळी तपासून लिहून दिले : बुडाशी आरपार तडा, झाळलेली जागा दाब सहन करण्याजोगी नाही, दुरुस्तीनेही वापरायोग्य होणार नाही. निपलचे भोक तरीही कायमचे बंद करा असे सांगितले, तिथेच स्टीलची मेख ठोकून वेल्ड केली. माझ्या दृष्टीने ही मेखही आता वस्तूच्या इतिहासात गेली. तारीख लिहून ठेवली.

ज्या तड्याने माझी झोप उडवली, त्याच्यामुळेच हे माझ्या घरात राहू शकते.

१२ जुलै

भांडी बाजारात नानांकडे. त्यांच्या चार पिढ्या तांबटकामात. दुकानात आता स्टील जास्त आहे, तरी मागे भट्टी आहे आणि भांडी ठोकायच्या मोगरीचा आवाज सुरू असतो. नळी फडक्यातून काढून पुढे ठेवली, बाकी काही सांगितले नाही.

नानांनी चष्मा कपाळावर चढवला, नळी डोळ्याला लावून पोटावरून अंगठा फिरवला. “हा डाग बंदूकवाल्याचा नाही रे. भांड्याचा डाग आहे. काठ बघ, आधी ठोकून एकमेकांत बसवलेत, मग पितळेचा कीस आणि टाकणखार घालून कोळशावर धरलंय. घागरीचं बूड असंच जोडतात.”

“नाशकातलं काम असेल?”

“गल्लीतलं असेल,” म्हणाले. “पण कशाला केलं असेल? उडवायला नाही. ज्याला एवढं ठोकता येतं त्याला एवढं कळतं की हे उडवायचं नाही.”

हा प्रश्न मला आठवडाभर पुरला.

जुलै, उरलेला

पावसाचे दिवस, खोलीतली आर्द्रता ७८ टक्के. लोखंडाचे काम एसीच्या खोलीत.

लाल, भुसभुशीत गंज वाढता असतो; काळा, घट्ट बसलेला थांबलेला. लाल तेवढा बांबूच्या सळीने आणि पितळी ब्रशने काढला, काळ्याला हात लावला नाही. पॉलिश पेपर या पिस्तुलाच्या आसपासही आणलेला नाही. मग टॅनिक ॲसिड, १०० मि.लि. डिस्टिल्ड पाण्यात ५ ग्रॅम, ब्रशने तीन हात, प्रत्येक हात वाळू देऊन. गंजाशी मिळून ते निळसर काळे, स्थिर होते. हिरड्याच्या काढ्यातही हेच टॅनिन, त्यात लोखंड घालून आपल्याकडे शाई करत. हिरडा घरात होता, मोह झाला. पण काढ्यात आणखी काय काय असते ते लोखंडात मुरायला नको, म्हणून प्रयोगशाळेच्या दुकानातूनच आणले. वर मेणाचा पातळ हात.

पितळेच्या भागांना चिंच-लिंबू लावायचे नाही. आईने आयुष्यभर भांडी अशीच लखलखीत ठेवली, पण भांडे रोज घासायचे असते, हे नाही.

झाळलेल्या जागेला फक्त मेण. पितळही पुसले नाही.

१० ऑगस्ट

दस्ता. तेलकट लाकडावर सरस धरत नाही. खडूची पूड ॲसिटोनमध्ये कालवून लेप दिला, वाळला की झटकला. अकरा लेपांनंतर पूड पांढरी राहू लागली. जुनी खिळी जागेवर ठेवली. तडा नव्याने सरसाने जोडला, सुतळीने आवळून दोन दिवस ठेवला. हल्लीचे चिकटवणारे पदार्थ याहून पक्के धरतात, मान्य. पण सरस गरम पाण्याने सुटतो. माझ्यानंतर कुणाला हे पुन्हा उघडावेसे वाटले तर त्याला पाते चालवावे लागू नये. पोकळ जागा लाखेने भरली, लाकडापेक्षा एक छटा फिकी ठेवली. हातभर अंतरावरून दिसत नाही, जवळून लगेच दिसते.

कागदाची पाचर परत घातली नाही. तिच्या जागी नवी घडी, आणि जुना कागद आम्लरहित पाकिटात. गाळाचे दोन चमचे काचेच्या कुपीत.

२५ ऑगस्ट

गंगापूर धरणातून पाणी सोडले. संध्याकाळी रामकुंडावर दुतोंड्या मारुती (ज्यावरून नाशिककर पुराची उंची जोखतात) किती बुडाला ते बघायला गर्दी, मीही गेलो. पाणी काळे-तपकिरी, जड. कठड्याच्या आतल्या डबक्यातून चिमूटभर गाळ रुमालात आणला, वाळवून कुपीतल्याशेजारी भिंगाखाली ठेवला. हिने विचारले काय दिसले. दोन्ही सारखेच दिसत होते, एवढेच सांगितले.

३ सप्टेंबर

विकणाऱ्यांच्या आईंचा फोन आला. वय ऐंशीच्या पुढे, आवाज खणखणीत.

“तुम्ही आमचं पिस्तूल घेतलंत ना? खंडेनवमीला वडील ते पाटावर ठेवायचे. तलवार, आडकित्ता, विळी, आणि हे. झेंडूचं फूल, कुंकू. मी लहान होते तेव्हा ते फुटकं होतं. आजी म्हणायची, भग्न वस्तू पुजायची नाही, एक तर नदीत सोडा नाहीतर सांधून आणा. मग वडिलांनी सांधून आणलं.”

“कुणाकडून, आठवतं का आजी?”

“तांबटाकडून. दुसरं कोण होतं आमच्या गल्लीत?”

फोन ठेवला आणि लॉकची पट्टी भिंगाखाली घेतली. सिंहाच्या आयाळीतली लाल भुकटी. जूनमध्ये मी तिला गंज म्हणून लिहिले होते. गंज खपलीसारखा असतो, लोखंडातून उगवतो. ही भुकटी खोदकामाच्या तळाशी वरून पडलेली, चकाकत्या बारीक कणांची. कुंकू आहे. जुलैत सगळी पट्टी साफ केली तेव्हा खोदकाम नाजूक म्हणून तेवढे शेवटी करू असे ठरवून राहून गेले होते. राहून गेले म्हणून राहिले. आता ते तसेच राहील. ८ जूनच्या नोंदीतला ‘गंज’ खोडला नाही, समासात दुरुस्ती लिहिली.

२२ सप्टेंबर

पेटी : सागवानी, काचेचे झाकण, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा पन्नासच्या आसपास धरायचा. त्याखाली गेला तर लाकूड आक्रसेल आणि तडा पुन्हा बोलेल.

पिस्तूल दोन लाकडी टेकूंवर, पोट खाली. याने अडचण झाली. असे ठेवले की वरून बघणाऱ्याला शाबूत, देखणे पिस्तूल दिसते आणि पितळेचा डाग झाकला जातो. उलटे ठेवून पाहिले, ते बरे वाटेना. तीन दिवस घोळत होतो. शेवटी पेटीच्या तळाला नळीखाली आरशाची पट्टी बसवली, बोटभर रुंद, जरा तिरकी. आता काचेतून वाकले की पिस्तूल वर दिसते आणि डाग खाली.

चिठ्ठी लिहिली : कंपनीच्या घोडदळाचे टोपीचे पिस्तूल, १८४०–५८. नळीला ४० मि.मी. तडा. १९५७–६४ दरम्यान नाशकात पितळेने झाळले, पूजेसाठी. पुराचा गाळ. अलीकडची लांबी व रंग काढले. सरस व लाखेची दुरुस्ती माझी.

खंडेनवमी

नाना आले, सुभेदार आले. पेटी पाटावर ठेवली, झाकण न उघडता, फूल काचेवर. शेजारी माझे मोजमापाचे व्हर्निअर आणि नानांनी आणलेली त्यांची मोगरी.

नाना पूजा झाल्यावर गुडघ्यावर बसले आणि आरशात बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “टाकणखार जरा जास्त झालाय त्याच्या हातून.”